बिनकोट्याची जागा

आरक्षणानं देश बुडाला, गुणवत्तेला कुत्रंही विचारत नाही, हे भाषण मधुसूदनकाका गेली वीस वर्षं ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी कार्यक्रमात ठोकतात. खासगी बाजार नावाच्या पेठेतली आमच्या समाजाची शाळाही तेच चालवतात. मी त्यांची पुतणी, शाळेत कारकून.

यंदा गणिताच्या शिक्षकाची जागा निघाली आणि काकांना हुक्की आली. "निवड कशी करतात ते दाखवूच सगळ्यांना. पेपरांवरची नावं झाकून टाक!" मी नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. माझा भाऊ अभिराम पहिला येणार याची काकांना खात्री होती. आमच्या घरात हुशारी जन्मतःच असते, तपासून बघायची पद्धत नाही.

शिखा जाटव अर्ज द्यायला आली तेव्हा म्हणाली होती, "यहाँ कोटा नहीं है ना, मैडम? इसीलिए आई हूँ. एक बार बिना कोटे के लगकर दिखाना है."

पट्ट्या काढल्या. शिखा, ब्याऐंशी. अभिराम, एकेचाळीस.

काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग त्यांनी कपाटातून संस्थेची जुनी नियमावली काढली. सात संस्थापक घराण्यांतल्या उमेदवाराला प्राधान्य.

"म्हणजे कोटाच की, काका."

"पागल झालीस का? हा घराण्याचा मान आहे. तू कशी लागलीस इथे?"

माझी तर मुलाखतसुद्धा झाली नव्हती.

शिखाला सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. तिनं शांतपणे दोघांचे गुण विचारले. मी सांगितले.

"नौकरी रहने दीजिए. बस ये नंबर लिखकर दे दीजिए. मोहल्ले में दिखाऊँगी."

"असं देता येत नाही," मी म्हणाले. येत होतं. काका आतून बघत होते.

ती गेल्यावर काकांनी विचारलं, "रडली का गं?"

"नाही."

"कशाला रडेल? तिला सरकारी कोटा आहे. आपल्या अभिरामला कोण विचारतं?"

त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. मी अभिरामच्या नेमणुकीचं पत्र टाइप करायला घेतलं. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती, पण पत्र पूर्ण केलं.