मल्हारची आंघोळ

मल्हार गेला तो सकाळी, औषधांची ट्रॉली वॉर्डात शिरत असताना. त्याचा हात रघुजीच्या हातात होता. सिस्टर भाग्यलक्ष्मीने नाडी पाहिली, मल्हारचे डोळे मिटवले आणि रघुजीला म्हणाली, "बस तू इथंच. कोणी ऊठ म्हटलं तरी उठू नकोस."

ऊठ म्हणणारे पुष्कळ होते. साल शहाण्णव. बंगळूरच्या त्या इस्पितळात एड्सच्या रोग्याची खाट कॉरिडॉरच्या टोकाला, संडासाशेजारी असायची. झाडलोट करणारे तिकडे फिरकत नसत. जेवणाचं ताट दारातूनच आत सरकवलं जाई. भाग्यलक्ष्मी मात्र रोज त्या खाटेवर टेकून बसायची. तिच्या कितीतरी पिढ्या बंगळूरातच गेलेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वॉर्डात सगळे तिला अक्का म्हणत आणि तिच्या तोंडाला जपून असत.

मल्हार पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीसाठी इकडे आलेला. रघुजी इथलाच, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. यशवंतपूरला दोघं एका खोलीत राहायचे. मल्हारने एकदा आपणहून सांगितलं होतं, "अक्का, आम्ही नुसते मित्र नाही."

"कळलंय मला," ती म्हणाली होती. "सूप पी."

मल्हारचे आईवडील आले तेव्हापासून रघुजीला जिन्यात बसावं लागे. वडिलांना, पुरुषोत्तमरावांना, तो नजरेसमोर नको होता. मग भाग्यलक्ष्मी त्याला सकाळीच, ते दोघं लॉजवरून यायच्या आधी, आत घेई. त्या दिवशीही घेतलं होतं, म्हणून मल्हार एकटा गेला नाही.

आईवडील पोचले तेव्हा खाटेपाशी दोन कामगार काळं प्लास्टिक उलगडत होते. इस्पितळाचे अधीक्षक नरसिंहराव तिथं उभे होते. असा रोगी गेला की प्लास्टिकमध्ये बांधून थेट विद्युतदाहिनीत, चेहरा कोणी पाहायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता.

"लवकर उरका," पुरुषोत्तमराव भिंतीकडे बघत म्हणाले.

आई, उल्काताई, खाटेशी गेल्या. मुलाच्या कपाळावर हात ठेवला. मग भाग्यलक्ष्मीकडे वळून त्या अगदी हळू म्हणाल्या, "सिस्टर, मला त्याला आंघोळ घालायची आहे."

"घालू या," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"सिस्टर," नरसिंहराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हातमोजे घालून आंघोळ घातली तर काही होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण हे कामगार उद्या संपावर जातील. बाकीचे पेशंट डिस्चार्ज मागतील. मला इस्पितळ चालवायचंय."

"चालवा की. मी कुठं अडवतेय? तुम्ही मला अडवू नका."

"ही ऑर्डर आहे."

"सरी, ठीक आहे. मोडली म्हणून काय करायचं ते करा, पण मागाहून. आता मला पाणी तापवायचंय."

नरसिंहराव कामगारांना खूण करून निघून गेले. भाग्यलक्ष्मीने पडदे ओढले, गरम पाण्याची बादली आणली आणि हातमोज्यांचे जोड काढले. एक जोड तिने रघुजीपुढे धरला.

"तो बाहेर जाईल," पुरुषोत्तमराव म्हणाले. "घरचीच माणसं थांबतील."

"काका, याला उचलून संडासला कोण नेत होतं? भरवत कोण होतं? घरचं माणूस आणखी काय करतं?"

"त्याच्यामुळेच माझा मुलगा गेला."

रघुजी मल्हारच्या पायांकडे बघत म्हणाला, "कुणाकडून कुणाला, ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही."

उल्काताईंनी मान वर केली. "म्हणजे तुलाही?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

उल्काताईंनी भाग्यलक्ष्मीच्या हातून हातमोजे घेतले आणि स्वतः त्याला दिले. "डोकं तू धर," त्या म्हणाल्या. "त्याला लहानपणापासून डोळ्यांत पाणी गेलेलं चालत नाही."

पुरुषोत्तमराव पडदा सारून बाहेर गेले.

तिघांनी मल्हारला न्हाऊ घातलं. भाग्यलक्ष्मी पाणी ओतत होती आणि उल्काताई त्याचे हात, छाती, हाडं वर आलेले खांदे हळूहळू पुसत होत्या. त्या एकदाच थांबल्या, त्याच्या गुडघ्यावरच्या जुन्या व्रणाशी. तिथं त्यांना रडू फुटलं. भाग्यलक्ष्मीने "रडू नका" म्हटलं नाही. बादली खाली ठेवली, त्यांना जवळ घेतलं आणि रडणं सरेपर्यंत तशीच उभी राहिली. दुसऱ्या हाताने तिने रघुजीचा खांदा धरला होता. रघुजीने मल्हारच्या डोळ्यांवर धरलेला हात काढला नव्हता.

प्लास्टिक गुंडाळावंच लागलं. पण आत मल्हार धुतलेल्या शर्टात होता, आणि चेहरा शेवटपर्यंत उघडा राहिला. त्याला असंच कॉरिडॉरमधून, सगळ्यांच्या देखत नेलं. स्ट्रेचर पुढून रघुजीने धरलं होतं, मागून भाग्यलक्ष्मीने.

त्याच आठवड्यात तिची बदली तळमजल्यावरच्या कपड्यांच्या कोठीत झाली. "चूक झाली एवढं म्हणा, परत वर घेतो," नरसिंहराव म्हणाले.

"चूक झाली असती तर म्हटलं असतं," ती म्हणाली आणि खाली गेली.

काही दिवसांनी पुण्याहून तिला फोन आला. उल्काताई होत्या.

"तेराव्याला सगळे नातेवाईक आले होते. ह्यांनी सगळ्यांना कावीळ सांगितली होती. मी पानं वाढली आणि म्हणाले, कावीळ नव्हे, एड्स होता. आणि शेवटपर्यंत रघुजीने त्याचं केलं."

"मग?"

"निम्मे पानावरून उठून गेले."

"आणि बाकीचे?"

"जेवले," त्या म्हणाल्या. "यंदा आमच्याकडे सण नाही, पण दिवाळीत रघुजीला पाठवा."

निरोप ऐकून रघुजी म्हणाला, "तिथं काका असतील, अक्का."

"असू देत. तू जा."

तो गेला. दार पुरुषोत्तमरावांनीच उघडलं. ते दारातच उभे राहिले. रघुजीही परत फिरला नाही, पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी ते दारातून बाजूला झाले.