परातीतला पाहुणा

मी एक बेडूक. अंगानं पिवळट हिरवा, पाठीवर फिकी रेघ, आणि मागचा डावा पाय धड नसलेला. आमचं बोलणं म्हणजे पावसाळ्यातला गलका, एवढंच माणसांना ठाऊक. पण मला सांगायचंय ते उन्हाळ्यातलं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नाही. जरा जवळ बसा.

माझा जन्म औशाजवळच्या लिंबाजीच्या शेततळ्यातला. तळ्याला खालून काळा प्लास्टिकचा कागद. पाय फुटून शेपटी जिरली तशी आम्हा भावंडांना बाहेरची ओढ लागली. पण कागद असा गुळगुळीत, की चढावं आणि परत पाण्यात पडावं. एका कोपऱ्यात तो फाटला होता, तिथून मी निसटलो. रस्ता ओलांडताना कितीतरी भावंडं चाकांखाली गेली. मी पोचलो तो शांतम्माच्या म्हशीच्या हौदापाशी.

हौद गळका होता, म्हणून माझं नशीब चांगलं. गळतीखाली बारमाही चिखल. पावसाळ्यात वर यायचं, उन्हाळ्यात चिखलात खोल शिरून निजायचं. म्हैस पाणी प्यायला आली की तिच्या घशाचा घटघट आवाज मातीतून ऐकू यायचा. माझे सुखाचे दिवस ते.

हौदाला लागूनच सरजाबाईचं अंगण. सरजाबाई म्हातारी, एकटी; मुलगा आनंदराज लातूरला नोकरीला. तिच्या आणि शांतम्माच्या मधे एक बुटकी भिंत, आणि त्या भिंतीवरून दिवसभर बोलणं. दोघी एकमेकींना टाकून बोलायच्या आणि एकमेकींवाचून चहा प्यायच्या नाहीत.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमा जवळ आलेली. विहारातल्या खिरीचं सरजाबाईनं अंगावर घेतलेलं. एवढं मोठं पातेलं गॅसवर मावत नाही, म्हणून अंगणात चूल घालायची, आणि चुलीला चिकट माती हवी. ती कुठं मिळणार? माझ्या घरात. सरजाबाई खुरपं घेऊन बसली, आणि झोपेतच माझ्या मांडीवर घाव बसला.

"आगं माय माय! शांतम्मा, पळ! माझ्या हातून जीव गेला!"

शांतम्मा पीठ लागल्या हातांनी धावत आली. "अय्यो! कुणाचा, म्हशीचा?"

"बेडूक हाय गं! रगत बघ किती."

"हात्तिच्या! मला वाटलं स्वतःचं बोट कापलीस. टाक तिकडं अक्का, कावळा नेईल."

"कावळा नेईल म्हणे! रोज पंचशील घेते मी, जीव दुखवणार न्हाई म्हणते. आन पौर्णिमेच्या तोंडावर माझ्याच हातानं?" तिनं मला तळहातावर उचललं. "ह्यो उड्या मारत माझ्या अंगणातून गेला पायजे. तवर खिरीचं पातेलं चुलीवर चढायचं न्हाई."

"आन नाही गेला तर? सगळ्या गावाला बेडकाचं नाव सांगशील?"

"सांगीन."

असा मी सरजाबाईचा पाहुणा झालो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या परातीत तिनं मला ठेवलं, वर गोणपाट टाकलं. जखमेत खोबरेल आणि हळद भरली. तिच्या नातवंडांना खरचटलं की ती हेच करायची. पण माणसाचं कातडं म्हणजे अंगावर घातलेला कपडा; आमचं कातडंच आमचं तोंड. आम्ही तोंडानं पाणी पीत नाही, अंगानं पितो. श्वाससुद्धा निम्मा अंगानंच घेतो. तिची हळद मला नाकात भरल्यासारखी झाली. तिला काय ठाऊक, आणि मी सांगणार कसं?

मग पाणी. इकडं उन्हाळ्यात टँकर येतो, आणि त्याचं पाणी गढूळ. सरजाबाई घागरीत तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी प्यायला ठेवायची. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी ते. तेच तिनं माझ्या परातीत ओतलं. स्वतः दोन घोट कमी प्यायली असेल, पण मला दिलं.

अंगाला नुसती आग लागली. कातडी आवळून आली, जखम चरचरली. मी परातीच्या काठाला चिकटलो. ती म्हणाली, "पाणी कोमट झालं वाटतं लेकराला," आणि ते काढून पुन्हा तसलंच ताजं ओतलं.

जेवायला दूधभात आला. जे हलत नाही ते आम्हाला खाणं म्हणून दिसतच नाही. भाताचा ढीग माझ्यासमोर दगडासारखा पडून. पण दुधाच्या वासानं मुंगळे आले, आणि ते हलत होते. मी जीभ चालवली. राहिलेले मुंगळे शितं घेऊन गेले. सकाळी सरजाबाईनं गोणपाट उचललं आणि भिंतीकडं धावली.

"खाल्ला गं, भात खाल्ला!"

"मग आता लोणचं वाढ," शांतम्मा म्हणाली.

आनंदराजचा फोन आला तेव्हा सरजाबाईनं त्याला आधी माझीच हकिगत सांगितली. "आरं, तिकडच्या डाक्टरला इचार की."

"आई, जनावरांचे डॉक्टर बेडूक बघत नाहीत."

"का? त्यो काय भाजीपाला हाय?"

मी मात्र खंगत चाललो होतो. डोळे अर्धे मिटलेले, पोट आत गेलेलं. ती जितकं जपायची तितकं पाणी बदलायची. चूल वाळून तयार झाली होती, पातेलं पालथं पडून होतं, आणि ती माझ्या शेजारी हातात गोणपाट धरून बसायची.

मग टँकर आलाच नाही. घागरीतलं पाणी माणसांपुरतंच उरलं. सरजाबाई परात घेऊन हौदाकडं गेली. "म्हशीचं उष्टं पाणी पाहुण्याला द्यायची येळ आली," असं पुटपुटत तिनं शेवाळाचं हिरवं पाणी माझ्यावर ओतलं.

काय सांगू! आग विझली. मी पाय पसरले, पोटापर्यंत पाणी ओढून घेतलं, आणि झोपलो.

टँकर आल्यावर तिनं लगेच निवळ पाणी ओतलं, आणि मी होता नव्हता तेवढा जोर काढून काठावरून बाहेर पडलो. शांतम्मा भिंतीवरून बघत होती.

"अक्का, तुझं पाणी त्याला चावतंय बघ."

"काहीतरीच. तुरटी फिरवलेलं निवळ पाणी हाय."

"चाखून तर बघ."

सरजाबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा एकदा लावलं. "तुरट लागतं," ती म्हणाली. "आपल्याला सवय झाली, म्हणून कळत न्हाई." तिनं परात उपडी केली. हौदाच्या पाण्यानं माझ्या अंगावरची हळद हलक्या हातानं धुऊन काढली. तेव्हा पहिल्यांदा तिचा हात ओला होता, आणि पहिल्यांदा मला तो बोचला नाही.

जखम मिटली. पाय मात्र तसाच, ओढत चालणारा. ती रोज मला जमिनीवर ठेवायची. "मार की रं उडी. एकच मार." मी खरंच प्रयत्न केला.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. आनंदराज सहकुटुंब आलेला. खिरीचे गहू भिजलेले, गूळ फोडलेला, आणि सरजाबाई पातेल्याला हात लावू देत नव्हती. "आई, लोक वाट बघतील," तो म्हणाला. तिनं परात उचलली, हौदापाशी तिरकी करून ठेवली आणि पाठ फिरवली. उडी नाही मारली तर बघवणार नाही, असं झालं असेल तिला.

मी काठावरून घसरलो. पाय ओढत ओढत गळतीखालच्या चिखलात शिरलो. म्हशीचं दावं हातात धरून शांतम्मा उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

"गेला का गं?" पाठमोऱ्या सरजाबाईनं विचारलं.

"गेला की! टुण्णदिशी. ह्या काठावरून त्या दगडावर, तिथून पार लिंबाजीच्या रानाकडं. माझ्या म्हशीनं मान वर केली बघ."

"डावा पाय?"

"दोन्ही पाय. सारखे."

सरजाबाईनं हात जोडले. पदरानं डोळे पुसले आणि ओरडली, "आनंदा, चढव रं पातेलं!"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. घसा फुगवून हाक मारावीशी फार वाटली. नाही मारली.

आजही मी इथंच आहे. लांबची शिकार जमत नाही, समोर येईल ते खातो. शांतम्मा हौद भरताना अर्धी बादली माझ्या चिखलावर ओतते आणि इकडंतिकडं बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. एक मागणं आहे माझं. आमच्यातलं कुणी जखमी सापडलं तर आधी हात ओले करा, आणि जिथं सापडलं तिथलंच पाणी द्या, तुम्हाला ते घाण वाटलं तरी.

आणि सरजाबाई भेटली, तर मी कुठं आहे ते तिला सांगू नका.