गौरीने ओळख विसरावी म्हणून

आमचे हे, म्हणजे आत्माराम, जेवायला बसले की आधी गाईसाठी घास बाजूला काढतात. रास अल खैमाच्या वाळवंटात गाय आणायची कुठून? पण ह्यांना ओरिक्स दिसला. वाळवंटातलं मोठं हरीणच ते, पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचं. झालं, ह्यांना गाय सापडली!

मी कुमुद. शहराबाहेरच्या राखीव वाळवंटात, जनावरं बघायला येणाऱ्यांसाठी माझं कॅन्टीन होतं, अगदी कुंपणाला लागून. माझ्या मिसळीसाठी लोक दुबईहून यायचे, उगाच नाही सांगत. तिथले मॅनेजर यहयाभाई, मूळचे श्रीवर्धनचे. त्यांनी ती जमीन वाळूत मोटारी उडवणाऱ्या बग्गीवाल्यांच्या तावडीतून सोडवली होती, पण एका अटीवर. ओरिक्स रानातल्यासारखे जगले आणि लोकांना लांबून दिसले, तर जमीन कायम त्यांची. नाहीतर तिथे बग्ग्यांचा ट्रॅक.

हे तपासणारी कमिटी यायला महिनाभर होता, तेव्हा यहयाभाई तोंड पाडून आले. “वहिनी, कळप पाणवठ्यावर येतच नाही. मचाणावरून लोकांना नुसती वाळू दिसते.”

“येईल कसा?” मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. सगळा कळप कुंपणाशी उभा, आणि आमचे हे तारेतून चपाती भरवतायत. “ये गौरी, ये गं बाय.”

यहयाभाई मटकन खुर्चीत बसले. “या अल्ला! चपातीने पोट फुगून मरतात ही. आणि माणसाची भीती गेली, तर एखाद्या पोराला शिंग लागेल. कमिटी म्हणेल, ही पाळीव झाली, ह्यांना गोठा बांधा. एवढी जमीन कशाला?”

माझं डोकंच फिरलं. ह्यांना आत ओढून आणलं.

“अगं, पुण्याचं काम आहे,” हे म्हणाले.

“पुण्य तुमचं आणि पोटशूळ तिचा! वा!”

ह्यांनी हातातली चपाती डब्यात परत ठेवली. पण चपाती बंद करून भागणार नव्हतं. स्वयंपाकाच्या वासावरच कळप यायला लागला होता. मी म्हटलं, “यल्ला, चला यहयाभाई, माणसं बोलवा. कॅन्टीन हायवेला हलवते.”

“वहिनी, तिथे कोण येणार मिसळ खायला?”

“जमीन गेली तर इथे बग्गीवाल्यांना वाढू का? हायवेलाही चालवून दाखवीन!”

कॅन्टीन हललं. धंदा बसला, मी चार दिवस चिडचिडले, मग ट्रकवाल्यांना वडापाव आवडायला लागला. हे मात्र झुरत होते. यहयाभाई सांगायचे, गौरी अजून कुंपणाशी येऊन उभी राहते. ते ऐकून ह्यांचा घास हातातच राहायचा. मलाही वाईट वाटायचं, पण मी वडे तळत राहायचे.

कमिटीच्या मॅडम आल्या त्या दिवशी आम्हीही मचाणावर होतो. कळप पाणवठ्यावर आला. सगळ्यांत शेवटी गौरी, आणि तिच्या मागे तपकिरी रंगाचं इवलंसं पिल्लू.

“गौरी!” ह्यांच्या तोंडून निघालंच.

ती हाकेला आली, तर जमीन गेलीच! यहयाभाईंनी डोळे मिटून घेतले. खाली गौरीने मान वर केली, मचाणाकडे रोखून पाहिलं, आणि पिल्लाला घेऊन जी उधळली ती वाळूच्या टेकाडापलीकडे. तिच्यामागे अख्खा कळप.

मॅडमनी दुर्बीण खाली ठेवली. “वाइल्डच आहेत. खलास, ठरलं! जमीन ओरिक्सची.”

“मला ओळखलं नाही गं तिने,” हे म्हणाले. रडत होते आणि हसतही होते. यहयाभाईंनी त्यांना घट्ट मिठी मारली.