एका बेदाण्याचा पाव

साध्या पावाचा भाव सरकारनं बांधला त्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं, "पिठाचा बांधला का?"

"नाही."

"सरपणाचा?"

"नाही."

"मग पाव काय हवेचा करायचा?"

तो बिचारा पीठ मळत राहिला. मी चिडले की तो जास्त मळतो, म्हणून आमचे पाव हलके होतात असं शेजारची शिंपीणबाई म्हणते.

हुकूम आमच्या बेकरीच्या भिंतीवरच चिकटवून गेले. साधा पाव, एवढं वजन, एवढा भाव. वर एक पैसा घेतला तर दंड, तिसऱ्यांदा सापडलात तर परवाना रद्द. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पीठ महागलं होतं आणि पाव महागला की पहिली बोंब गरिबाच्या घरातून उठते. पण पीठ चढ्या भावानं घ्यायचं आणि पाव पडत्या भावानं द्यायचा, तर मधली पदरमोड कुणी करायची, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

रस्त्यापलीकडच्या बेकरीवाल्यानं लगेच पळवाट काढली. हुकूम साध्या पावाला होता, म्हणून त्यानं पावात बेदाणा घातला. एकच. बेदाणा पडला की पाव साधा राहत नाही, 'खास' होतो, आणि खास पावाचा भाव मोकळा. बघता बघता सगळ्या भट्ट्या खास झाल्या. लोक पाव मोडून आधी बेदाणा शोधायचे आणि घरातल्या धाकट्याला द्यायचे. त्या गृहस्थाचं नाव बेदाणेशेठ पडलं, आणि त्याला ते आवडलंही.

"आपणही एकेक घालू," नवरा म्हणाला. "एका बेदाण्यानं काय बिघडतंय?"

"काहीच बिघडत नाही, म्हणून तर नाही घालायचा. माझा पाव साधा आहे, मी तो साधा म्हणूनच विकणार."

हा माझा ताठा होता, कबूल. पण पहिल्या दिवशी दारात रांग लागली तेव्हा ऊर भरून आला. दुसऱ्या आठवड्यात तीच रांग नकोशी वाटायला लागली, कारण प्रत्येक पावामागे मला खोट बसत होती. जितकी गर्दी, तितका तोटा. भट्टीवरचं छप्पर बदलायला ठेवलेले पैसे पिठात गेले. मग दोन भट्ट्यांतली एक विझवली. पाव निम्मे झाले आणि रांग दुप्पट. असंच चाललं तर महिनाअखेर दुसरी भट्टीही विझणार, हे मला दिसत होतं. सासऱ्यांनी बांधलेली भट्टी माझ्या हातून विझणार, या विचारानं जेवण जात नव्हतं.

एका सकाळी शिंपीणबाई आली आणि तिनं फळीवर पाव आपटला.

"तुझ्या रांगेत दोन दिवस उभी राहिले, नंबर येईस्तोवर पाव संपतो. शेवटी त्या मेल्या बेदाणेशेठकडून घेतला. बघ, अगदी तुझ्यासारखा करतो!"

मी पाव हातात घेतला. वर तीन तिरक्या चिरा. भट्टीत टाकण्याआधी मी सुरीनं देते त्याच. मी डावरी आहे, त्यामुळे तिसरी चीर दरवेळी लांब जाते. इथेही गेली होती. पाव उलटा केला. तळाला बोटानं पाडलेलं भोक, त्यात कोंबलेला बेदाणा. पिठाबरोबर भाजला असता तर फुगला असता. हा कोरडा खडखडीत होता.

"माझ्यासारखा नाही गं, माझाच आहे," मी म्हटलं.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आंधळी मीच होते. माझ्या रांगेत पोती घेऊन उभे राहणारे, "कुटुंब मोठं आहे हो बाई," म्हणणारे ते सगळे त्याचे हमाल. बांधल्या भावानं माझा पाव न्यायचा, बेदाणा कोंबायचा आणि खास म्हणून विकायचा. मध्यंतरी मी माणशी एकच पाव द्यायला लागले होते, तर त्यानं माणसं वाढवली होती.

"आता काय करणार?" नवऱ्यानं विचारलं.

"खरा भाव लावणार."

पीठ, सरपण, खमीर आणि आमच्या दोघांचे हात एवढं धरून जो भाव निघाला, तो मी खडूनं हुकमाच्या खालीच लिहिला. बेदाणेशेठच्या भावापेक्षा तो किंचित कमीच होता. पोतीवाले पाटी वाचून निघून गेले, त्यांना आता त्यात काही उरत नव्हतं. शिंपीणबाईला रांगेशिवाय पाव मिळाला. पण एक म्हातारबाबा मला "लुटारू" म्हणाले. एका बाईनं मुठीतले पैसे चाचपले आणि अर्धाच मागितला. मी कापून दिला. तिच्याकडे बघवलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पाटी तीच ठेवली आणि विझलेली भट्टी पेटवली.

भाव तपासणारा इन्स्पेक्टर आला, दंड करून गेला. पुन्हा आला, पुन्हा दंड. तिसऱ्यांदा आला तेव्हा नवरा आत जाऊन पीठ मळायला लागला.

"बाई, परवाना जाईल," इन्स्पेक्टर म्हणाला. "एक बेदाणा घाला आणि मोकळ्या व्हा. तुम्हालाही त्रास नको, मलाही नको."

"समोरच्यानं इतके दिवस माझाच पाव भोसकून विकला, त्याला काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"त्याचा पाव हुकमात बसतो, तुमचा नाही. मी काय करू?"

"लिहा. मी बेदाणा घालणार नाही आणि पाटी पुसणार नाही."

त्यानं लिहिलं, माझी सही घेतली. मग जरा घुटमळला, आणि खिशातून घडी घातलेली पिशवी काढली.

"एक पाव द्या. आईला दात नाहीत. ते खास पाव सगळे चिवट असतात, चाववत नाहीत तिला."

"कुठल्या भावानं?"

त्यानं भिंतीवरचा हुकूम बघितला, खालची खडूची ओळ बघितली, आणि खडूच्या भावाचे पैसे फळीवर ठेवले.

"पावती हवी?" मी मुद्दाम विचारलं.

"द्या."

मी लिहून दिली. त्यानं ती माझ्याच केसच्या कागदाला टाचली. "हा तुमच्याविरुद्ध पुरावा आहे, बाई. वर साहेबांकडे जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "फक्त एक ओळ जास्त लिहा. गिऱ्हाईक समोरची बेकरी ओलांडून, आपल्या पायानं आलं होतं."

त्यानं एकदा समोरच्या बेकरीकडे बघितलं, एकदा हातातल्या पिशवीकडे. मग त्यानं लिहिलं.