वाफ्याखालचं पाणी

ऑगस्टच्या दोन तारखेला क्रैन विस्से यांच्या शेतात आमच्या प्रयोगातली बटाट्याची एकशे त्रेचाळीस झाडं हिरवी होती. लावली होती दोनशे सोळा. माझ्या वाफ्यात बहात्तरपैकी अठ्ठावन्न, मधल्या, काहीच उपाय न केलेल्या वाफ्यात एकवीस, आणि चराजवळच्या लिडेवैच्या वाफ्यात चौसष्ट. तिचा वाफा मी दोनदा मोजला. दुसऱ्यांदा पासष्ट भरली, तेव्हा तिसऱ्यांदा मोजायच्या भानगडीत न पडता पहिलाच आकडा लिहिला.

आमची जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. उन्हाळा कोरडा गेला की खारं पाणी समुद्रबांधाखालून झिरपतं आणि मातीतून मुळांपर्यंत चढतं. त्याला तोंड द्यायला बटाट्याला काय मदत करता येईल, यावर आम्ही दोघी काम करत होतो. वाण एकच, उपाय वेगळे.

लिडेवैचा उपाय हसू येईल इतका सोपा होता. बांधापलीकडच्या खाऱ्या चिखलात एक बिनपानांची मांसल भाजी उगवते, आमच्याकडे ती माशाबरोबर खातात. तिच्या मुळांवरचे जिवाणू वाढवायचे आणि त्या पाण्यात बियाण्याचे बटाटे अर्धा तास बुडवायचे, की झालं. त्या पाण्याला ओहोटीचा वास यायचा. माझा उपाय दोन वर्षांच्या वाचनातून आला होता: समुद्रशेवाळाचा अर्क आणि सिलिका, नियमाने पानांवर फवारायची, तीही पहाटे, वारा पडलेला असताना. लिडेवै एप्रिलात एकदा बटाटे बुडवून मोकळी झाली आणि जूनभर पोहायला जात होती. आम्ही एकाच विद्यापीठातून एकाच वर्षी बाहेर पडलो. गुण माझे जास्त होते.

ऑगस्टच्या मोजणीत ज्या उपायाची झाडं जास्त, तो पुढच्या वसंतात सगळ्या सहा हेक्टरांवर करायचा, असं क्रैननी ठरवलं होतं. आमच्या संशोधन केंद्रावर पुढच्या वर्षी जागाही एकच होती. ती त्या सहा हेक्टरांबरोबर जाणार हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण कॉफीच्या मशीनलासुद्धा ठाऊक होतं.

दहाच्या कॉफीला क्रैन शेतावर बोलुस आणायचे, म्हणजे दालचिनी आणि साखरेची पाकात माखलेली गुंडाळी. तिला लोणी लावायचं ते खालच्या बाजूला, कारण वरचा पाक बोटांना सोडत नाही. जुलैपासून ते लिडेवैच्या बोलुसला स्वतः लोणी लावून देऊ लागले. माझा कागदासकट पुढे सरकवायचे. तुला कसं आवडतं ते ठाऊक नाही बघ पोरी, असं एकदा म्हणाले. एप्रिलपासून कधीही विचारता आलं असतं.

चराचं वळण मला मोजणीच्या दुसऱ्या दिवशी दिसलं. म्हणजे ते तिथेच होतं, मीच त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पाणी काढून नेणारा तो चर सरळ येतो आणि लिडेवैच्या वाफ्याशेजारी अचानक वळतो. आमच्याकडे मुलांना शिकवतात की सरळ चर माणसाचा, वाकडा चर समुद्राचा, म्हणजे तो जुन्या खाडीच्या वाटेने जातो. जिथे जुनी खाडी वाळूने भरून गेली, तिथे पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वरच्या पिकाला खारं पाणी चाखावंच लागत नाही. शेत यंत्राने सपाट केलेलं, त्यामुळे खाडी वरून दिसत नाही. एप्रिलात आम्ही फक्त वरची वीतभर माती तपासली होती, आणि ती हिवाळ्याच्या पावसाने तिन्हीकडे सारखीच धुतलेली होती.

त्या दुपारी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी मी हे सगळं शांतपणे मांडलं.

"म्हणजे माझे जिवाणू नाही, वाळू जिंकली?" लिडेवैने विचारलं. तिच्या हनुवटीला पाक लागला होता.

"मी तसं म्हणत नाही. मोजायला हवं, एवढंच."

"तू तेच म्हणतेयस, टाना. फक्त इस्त्री करून."

क्रैन म्हणाले की तो चर त्यांच्या वडिलांनी खणलेला आहे. मोठ्या पुरानंतर जमिनींची नवी वाटणी झाली, तेव्हा. सरळच जायचा होता, पण शेजारचा कोर्नेलिस नाशपातीची तीन झाडं तोडू देईना, म्हणून वळवला.

"मग ती झाडं कुठायत?" मी विचारलं.

"कोर्नेलिस गेल्यावर त्याच्या पोराने तोडली. पोरगा घाईचा होता."

गोष्ट फारच सोयीची होती. जो माणूस तिच्या बोलुसला लोणी लावतो, तो तिच्या चरालाही लावणारच.

"खणू या की," लिडेवै म्हणाली. "भोकाला काय घाबरायचं?" आणि तिने उरलेला अर्धा बोलुस माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं.

कार्यपद्धती मी लिहिली. तिन्ही वाफ्यांच्या मध्यावर हाताच्या गिरमिटाने एकशे वीस सेंटिमीटर खणायचं, तळाला साचलेल्या पाण्याचा खारेपणा तीनदा मोजायचा, सरासरी घ्यायची. दोनच्या खाली आकडा म्हणजे गोडं पाणी, गाई पितात. सहाच्या वर बटाट्याचं काही खरं नसतं. ज्या वाफ्याखाली दोनपेक्षा कमी निघेल, त्याची मोजणी रद्द आणि तो उपाय स्पर्धेतून बाद. कोणाचा वाफा ते मुद्दाम लिहिलं नाही; नियम सर्वांना सारखा दिसायला हवा. क्रैननी सही केली, केंद्रानेही मान्य केलं. लिडेवैने तर वाचलाही नाही, तशीच सही ठोकली. त्याचाही मला राग आला.

सोमवारी खणलं. गिरमिट ती फिरवणार, आकडे मी वाचणार, असं ठरलं होतं. मधल्या वाफ्यातून करडी, चिकट चिकणमाती आली. खाली पाणी साचायला वेळ लागला. सरासरी ८.९.

मग तिचा वाफा. मी गुडघ्यांवर बसले आणि भोकात टॉर्च मारला. वाळू वर येण्याची वाट पाहत होते. चिकणमाती आली, आधी करडी, मग निळसर. गिरमिट बाहेर ओढताना लिडेवैच्या मानेवरची शीर फुगली होती. मी मोजलं. उपकरण धुतलं, पुन्हा मोजलं. तिसऱ्या खेपेला क्रैन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. सरासरी ९.४.

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने गिरमिटाचं पातं गवतावर पुसलं आणि त्याची मूठ माझ्याकडे केली. "दमले बाई. तुझा वाफा तूच खण."

"आता त्याची गरज आहे का?" क्रैन म्हणाले.

"तिन्ही लिहिलंय," मी म्हटलं.

पहिले चार फेरे जड गेले. अर्ध्या मीटरनंतर गिरमिट आपोआप उतरू लागलं, जोर लावावाच लागेना. वर आली ती पिवळसर, भुसभुशीत, ओली वाळू, आणि तिच्यात नखाएवढे शिंपले. मी फिरवत राहिले. टेप खाली सोडली, एकशे वीस भरलं. पाणी लगेच साचलं. लिडेवैने माझ्या हातातून उपकरण घेतलं आणि आकडे मोठ्याने वाचले.

०.८. ०.९. ०.७. सरासरी ०.८.