मधली जागा

"बुढीला इचारा की! तिचाच बाप हाय ना," मागून कुणीतरी ओरडलं आणि ग्रामसभेतली सगळी डोकी शाळेच्या पायरीकडं वळली.

पायरीवर नागुबाई बसली होती. ऐंशी ओलांडलेली बाई, पण नजर अजून तीक्ष्ण. तिला एकच वाक्य बोलायचं होतं आणि तासभर झाला तरी कुणी ते बोलू देत नव्हतं. ग्रामसभा म्हणजे काय, ज्याचा आवाज मोठा त्याची सभा!

वाद तिच्या बापाचा होता. निजामाच्या राज्यात चंद्रप्पा हद्दीपलीकडं, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला, बंदूक घेऊन परत आला, रझाकारांचं ठाणं त्यानं जाळलं. तेव्हापासून तो कप्तान. मरून पस्तीस वर्षं झाली तरी कप्तानच. नागुबाईच्या भावाचा नातू शिवप्रकाश सेलूला खताचं दुकान चालवायचा. त्याला आता मुक्तिसंग्राम दिनाच्या आत शेतातल्या समाधीपाशी पंचायतीच्या निधीतून स्मारक उभं करायचं होतं.

पण याच कप्तानानं आश्रुबाला लिंबाखाली उभं करून गोळी घातली होती. आश्रुबा गावचा येसकर. सरकारी टपाल ठाण्यावर पोचवणं हे त्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं काम. नाही म्हणायची सोय नव्हती, पाटलानं चामडी लोळवली असती. कप्तानाला वाटलं, हा ठाण्यावर खबरा देतो. संपलं! त्या आश्रुबाचा नातू सुगत, हायस्कुलात मास्तर, शिवप्रकाशसमोर उभा होता.

"कप्तान नसते तर तवा गाव जळालं असतं," शिवप्रकाश म्हणाला.

"गाव वाचलं म्हणायलास तू. मग माझा आज्जा कुठल्या गावचा होता?"

"अरे, लढाईत होतंय असं."

"लढाई कशाची, शिवा? गळ्यात टपालाची पिशवी होती त्याच्या. प्रेतसुदिक दिलं न्हाई घरच्यांना. ओढ्याला पूर होता, त्यात सोडून दिलं."  मग सुगत पायरीकडं वळला. "नागूआत्या, तुमीच सांगा. कसा माणूस होता?"

"मी चार वर्साची होते बाबा. मला काय ठाव?" नागुबाई म्हणाली. पण सगळे तिच्याकडंच बघायला लागले, तेव्हा तिला बोलावंच लागलं. "ठाणं जाळलं ते खरं हाय. आश्रुबाला मारलं, तेबी खरं हाय. आमचे दादा, तुमचे कप्तान, त्या लिंबाखालून पुन्हा कदी गेले न्हाईत. वळसा घालून जायचे. इचारलं की ताटावरून उठायचे. आता ह्यातलं कोणतं खोटं करायलात तुमी?"

दोन्ही बाजूंना हे आवडलं नाही. एकीकडून "आजी, काय हे!" आलं, दुसरीकडून "पश्चात्ताप झाला म्हणून खून माफ होतो का?" आलं. त्या गलक्यात नागुबाईनं आपलं वाक्य म्हणून टाकलं, "स्मारक बांधा न्हाईतर नका बांधू, मधली जागा तेवढी मला ठेवा." कुणाच्या कानावर पडलं नाही.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, हातात लिंग देऊन, मातीत बसवतात. शेताच्या कडेला आधी तिची आई बसली होती. पुढं बाप थकला, तेव्हा त्यानं एकदा काठीनं तिथं रेघा मारल्या. "ही तुझी आई. हा मी. मधी तू." बापानं उभ्या जन्मात तिला दिलेली गोष्ट म्हणाल तर एवढीच. लहानपणी तो कॅम्पात, नंतर पुढारपणात. आईबापाच्या मधे बसणं तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. मानवतला दिली होती, दोन वर्षांत नवरा गेला, मूल ना बाळ, परत आली. भाऊ गेला, भावाची माणसं सेलूला गेली. घरात आता तिच्याशी टीव्ही तेवढा बोलायचा, तोही तिचं ऐकायचा नाही. अशा बाईला मेल्यावर तरी सोबत हवी वाटली, तर काय चुकलं?

शेवटी सरपंचांनी फैसला काढला. सुगतची अट एकच होती. स्मारक होऊ द्या, पण कप्तानाच्या शेजारी, त्याच उंचीचा, आश्रुबाचा दगड बसवायचा आणि काय घडलं ते त्यावर कोरायचं. शिवप्रकाशनं बरीच कुरकुर केली, पण दिवस जवळ आले होते.

"बसवायचा कुठं पण?" सरपंच म्हणाले. "एका अंगाला डांबरी सडक, मागं ओढा."

"मधी हाय की जागा रिकामी," शिवप्रकाश बोलून गेला. बोलल्यावर त्याला आठवलं, घरात ती जागा आज्जीची म्हणायचे. त्यानं नागुबाईकडं पाहिलं आणि लगेच मोबाईल काढून त्यात तोंड घातलं.

सुगतला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो पायरीपाशी आला, वाकून म्हणाला, "आत्या, जागा तुमच्या घरची. तुमची हरकत न्हाई ना?"

नागुबाईच्या तोंडात 'हाय' आलं होतं. एक शब्द, आणि सगळं मोडलं असतं. रागही आला तिला, शिवप्रकाशचा, बापाचा, ह्या अख्ख्या गावाचा. मग तिला पुरातला आश्रुबा दिसला. ऐंशी वर्षं होत आली, त्या माणसाला टेकायला हातभर माती मिळाली नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. "बसवा त्याला."

टाळ्या झाल्या. शिवप्रकाश दारापर्यंत सोडायला आला. "आज्जी, तुमचं बघू कुठंतरी," तो पुटपुटला. तिनं कडी लावून घेतली आणि पदर तोंडात कोंबून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी गवंडी पहार-फावडं घेऊन शेतावर आला, तर त्याच्या आधी नागुबाई हजर. दोन समाध्यांच्या मधे, पाठ ताठ, मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसली होती. डोळे मिटलेले होते. लिंबाजी चरकलाच.

"आजी? ओ आजी! बरं हाय ना?"

तिनं डोळे उघडले. "कायबी झालं न्हाई मला. किती खोल खांदणार?"

"गुडघाभर. दगड लय मोठा हाय." लिंबाजीनं फावडं खाली ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. "बसा की अजून घटकाभर. मला घाई न्हाई."

"नको. बसून झालं माझं," नागुबाई म्हणाली. आईच्या दगडावर हात टेकून ती उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि त्याला खणायला जागा करून दिली.