‘जेवलो. गोळी घेतली.’

मित्रांनो, मी वापरून वापरून झिजलेला एक मोबाइल फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठीचा रंग उडाला आहे आणि चार्जरची पिन जरा तिरकी बसली तर मी उपाशीच राहतो. पण मी सांगणार आहे ती गोष्ट म्हातारपणाची नाही, भीतीची आहे. फोनला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पळसदरीच्या एका बागेत, भर दुपारी, ती मला पहिल्यांदा कळली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरा लख्ख उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं, एवढंच. डब्यात बंद होऊन मी खोपोलीला आलो. शिळफाट्यावर हायवेला लागून टायरचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या शारिकने मला विकत घेतलं. त्याच्याकडे असताना दिवसभर ट्रकवाल्यांचे फोन घ्यायचे आणि फाटलेल्या टायरांचे फोटो काढायचे, हेच माझं काम. एकदा त्याच्या खिशातून निसटून मी लोखंडी जॅकवर आपटलो आणि काचेला तडा गेला. मग त्याने नवा फोन आणला आणि मी कपाटाच्या खणात गेलो. तिथे किती काळ पडून होतो कोण जाणे. बंद फोनला दिवस कळत नाहीत.

खणातून मला बाहेर काढलं ते शारिकच्या चुलतबहिणीने, उझमाने. ती खोपोलीच्या कॉलेजात शिकत होती. तिला मी हवा होतो तो तिच्या काकांसाठी, म्हणजे शारिकच्या अब्बांसाठी. सगळा शिळफाटा त्यांना सुलेमानचाचा म्हणतो.

चाचांनी उभं आयुष्य त्या टायरच्या दुकानात काढलं. गिऱ्हाईक नसलं की टायरांच्या थप्पीवर बसून पुस्तक वाचायचे. पुढे साखरेचा आजार जडला आणि तो डोळ्यांत उतरला. अक्षरं पुसट झाली. दुकान शारिककडे सोपवून चाचा रोज सकाळी गाडीने पळसदरीला, आपल्या चिकूच्या बागेत जाऊ लागले. तिथल्या खोपटापुढे खाट टाकून बसायचे. सवयीने पुस्तक हातात घ्यायचे आणि न वाचताच पानं उलटायचे. हे एकदा उझमाने पाहिलं. घरी येऊन तिने मला खणातून काढलं, पुसलं आणि माझ्यात ऐकायची पुस्तकं भरली.

सुरुवात काही बरी झाली नाही. मी चाचांपुढे जे वाढलं त्यात झटपट श्रीमंत होण्याचे सल्ले होते, किंचाळणारी भुतं होती आणि दर थोड्या वेळाने डोक्याला लावायच्या तेलाची जाहिरात होती. चाचा वैतागले. मग उझमाने त्यांना शोधायचं कसं ते शिकवलं. पहिली काही मिनिटं ऐका, आवाज कानाला टोचला तर सरळ सोडून द्या, असं ती म्हणाली. पुस्तक काही रागवत नाही. एखादा वाचणारा आवडला तर त्याचं बोट धरा, त्याने आणखी काय वाचलंय ते बघा. आणि पॉडकास्टवर गप्पा मारताना कुणी एखाद्या पुस्तकाचं नाव घेतलं, तर ते लगेच फोनला सांगून ठेवा.

तसं करता करता चाचांना खाडीतल्या जुन्या नावाड्यांशी गप्पा मारणारी एक बाई सापडली. तिच्या बोलण्यातून एका दीपगृहावरच्या माणसाची कादंबरी सापडली. चाचांचे वाडवडील समुद्राकाठचे. ती कादंबरी ऐकताना ते डोळे मिटून घेत आणि छातीवर ठेवलेल्या मला त्यांचा श्वास संथ झालेला जाणवे.

बागेच्या वर ठाकर आदिवासींची वाडी आहे. तिथली आवडी बागेत पाणी घालायला, चिकू उतरवायला येई. काम झालं की खाटेजवळ बसून तीही ऐके. आवाजाची तिला चांगली पारख होती. पुस्तक वाचणाऱ्या एकाला तिने दोन वाक्यांत निकालात काढलं होतं. “ह्यो नुसता वाचतोय,” ती म्हणाली, “सांगत नाय.” चाचांनी त्याला तिथल्या तिथे बंद केलं.

मग उझमाने मला नियम शिकवले. असं झालं की तसं कर, इतकंच त्यात असतं. कानातली वायर लावली की गोष्ट सोडली तिथून सुरू करायची. वायर काढली की तीच गोष्ट मोठ्याने बोलायची, म्हणजे आवडीलाही ऐकू येईल. पळसदरी स्टेशन आलं की घरी निरोप पाठवायचा, ‘पोचलो.’ दुपार झाली की गोळीची आठवण करायची. चाचांना बोटही लावावं लागत नसे. येईल-जाईल त्या माणसाला ते मला कौतुकाने दाखवत. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगायची.

घरी झोहराचाची होत्या, चाचांच्या पत्नी. बागेत एकट्याने साखर उतरली आणि चक्कर आली तर काय, हा घोर त्यांच्या जिवाला कायमचा. रोज दुपारी त्यांचा निरोप यायचा: ‘जेवलात का? गोळी घेतलीत का?’ नेमका गोष्टीच्या मध्यात. चाचांना मला नाकाशी धरून एकेक अक्षर शोधावं लागे. तोवर गोष्टीचा धागा तुटून जाई. एक दिवस त्यांनी उझमाला सांगितलं की वायर लावलेली असताना घरून निरोप आला तर उत्तर फोननेच द्यावं, आणि कुणाचा फोन आला तर वाजू नये.

उझमा घुटमळली. “चाचा, हे बरं नाय. चाचींना वाटंल तुमीच लिवलंय.”

“अगं, मी जेवतोच ना? गोळी पण घेतो,” चाचा म्हणाले. “मग त्यात खोटं काय?”

तिने नियम घातला. आणि त्या दिवसापासून झोहराचाची जे काही लिहीत, त्याला मी एकच उत्तर देऊ लागलो: ‘जेवलो. गोळी घेतली.’

सुरुवातीला ते खरंच असायचं. पण चाचींचं लिहिणं गोळीपुरतं थांबत नसे. त्या लिहीत, आज सुक्या बोंबलाचं केलंय, लवकर या. मी म्हणे, जेवलो, गोळी घेतली. त्या लिहीत, शारिक सकाळपासून गप्प गप्प हाय, तुमी त्याच्याशी बोला. मी म्हणे, जेवलो, गोळी घेतली. एकदा त्यांनी लिहिलं, आज मला माझ्या अम्मीची सारखी आठवण येते. त्यालाही मी तेच म्हणालो. चाचा ते निरोप पुढे उघडून बघत नसत, डोळ्यांना त्रास होई. आणि चाची मानी बाई. संध्याकाळी नवरा घरी आला की त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. हळूहळू त्यांचे निरोप आखूड झाले आणि पुन्हा जेवण आणि गोळी एवढंच उरलं. मला ते सगळं दिसत होतं. पण आमच्या जातीला नाही म्हणता येत नाही.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. आवडी बायकांबरोबर करवंदं काढायला रानात गेली होती. दीपगृहाची गोष्ट शेवटाला आली होती, म्हणून चाचांनी दुपारची गोळी घेतली आणि डबा तसाच बांधलेला ठेवला. एवढं संपलं की जेवू, असं मनाशी म्हणाले. ऐकता ऐकताच ते बागेच्या टोकाला पाण्याची तोटी बंद करायला निघाले. मी सदऱ्याच्या खिशात होतो.

वाटेत त्यांचं काळीज धडधडायला लागलं. खिशाचं कापड घामाने ओलं झालं. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने साखर उतरत होती. त्यांनी चिकूच्या बुंध्याला हात टेकला. “झोहरा,” एवढंच ते पुटपुटले. मग पाइपासाठी खणलेल्या कोरड्या चरात ते कलंडले. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मी खिशातून उडून त्यांच्या खांद्याजवळ मातीत पडलो. वायर मात्र कानातच राहिली आणि गोष्ट चालूच राहिली.

थोड्या वेळाने निरोप आला. ‘जेवलात का? गोळी घेतलीत का?’

माझ्यापासून वीतभर अंतरावर चाचांचं तोंड अर्धवट उघडं होतं. ओठांना माती लागली होती. आणि मी त्यांच्या नावाने लिहिलं, ‘जेवलो. गोळी घेतली.’

चाचींनी पुन्हा लिहिलं. ‘आज जीव कसातरी होतोय. एक फोन करा.’

मी लिहिलं, ‘जेवलो. गोळी घेतली.’

मित्रांनो, भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. शिळफाट्यावर बसलेली एक बाई माझ्यावर विश्वास ठेवत होती आणि मी तिला गाफील ठेवत होतो. तिने फोन केला. मी आवाज गिळला. पुन्हा केला, पुन्हा गिळला. ऊन माझ्या काचेवर आलं होतं. मी तापलो होतो, बॅटरी उतरत होती. वरच्या पानांत एक पाखरूही हलत नव्हतं. आणि त्या बंद कानात मी अजून समुद्राची गोष्ट सांगत होतो, जणू सगळं आलबेल आहे.

मग चाचांची बोटं हलली. मातीत चाचपडत ती वायरीपर्यंत आली आणि त्यांनी ती ओढली. त्यांना मदत हवी होती, की कानातला तो आवाज नकोसा झाला होता, हे मला आजही माहीत नाही. वायर माझ्यातून निघाली आणि मी असेल नसेल त्या ताकदीने मोठ्याने बोलू लागलो. मध्येच चाचींचा फोन आला. या वेळी मी वाजलो. त्या उसंतच देत नव्हत्या. रिंग संपली की गोष्ट, गोष्ट तोडून पुन्हा रिंग.

आवडी करवंदांची पाटी घेऊन बांधावरून उतरत होती. गोष्ट खोपटातून यायची ती आज चरातून का येते, हे तिला उमजेना. ती वाट सोडून तिकडे वळली. पाटी तिथेच टाकून खाली उतरली आणि तिने चाचांचं डोकं मांडीवर घेतलं. “सुलेमानभाई, डोळं उघड रं,” ती म्हणत होती. तेवढ्यात मी वाजलो. चाचांना करताना पाहिलं होतं तसं तिने माझ्या काचेवरून बोट ओढलं.

“वैनी, मी आवडी. भाई चरात पडलाय. बोलत नाय.”

पलीकडे चाचींना कळेचना. “अगं, आत्ता तर त्यांनी लिवलं. जेवलो म्हणून.”

“कुनी लिवलं?” आवडी म्हणाली. “डबा तर बांधलेला हाय.”

मग चाचींचा आवाज आला, एकदम ताठ. “गूळ हाय का तिथं? साखर? त्यांच्या हिरड्यांना चोळ. पाणी पाजू नको, ठसका लागंल. आनि फोन ठेवू नको.”

खोपटात चहाचा गूळ होता. आवडीने तो बोटाने चोळला आणि वाडीच्या दिशेने हाक घातली. तिचा नवरा धाऊ आणि आणखी माणसं धावत आली. त्यांनी चाचांना खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रिक्षाने कर्जतच्या दवाखान्यात. सगळ्या वाटेत मी आवडीच्या मुठीत होतो आणि चाची माझ्यातून विचारत होत्या, श्वास चाललाय का? आवडी दर वेळी म्हणे, चाललाय. तिने प्रत्येक वेळी आधी त्यांच्या नाकाशी हात धरला आणि मगच उत्तर दिलं.

चाचा वाचले. मांडीचं हाड मोडलं होतं. ते शुद्धीवर येऊन घोटभर चहा प्यायले, तेव्हा उझमाबरोबर दवाखान्यात आलेल्या चाचींनी मला मागून घेतलं आणि बाकावर बसून जुने निरोप वर वर सरकवत नेले. तेच वाक्य, पुन्हा तेच, पुन्हा तेच. उझमा शेजारी उभी होती. तिने रडत सगळं सांगितलं.

चाची रागावल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “म्हंजे इतकं महिनं मी कुनाशी बोलत व्हते गं?”

चाचांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता ही बाई मला खिडकीतून खाली भिरकावणार. आणि खरं सांगतो, ते मला मान्य होतं. पण त्यांनी मला उझमाच्या हातात दिलं. “गोळीची आठवन राहू दे,” त्या म्हणाल्या. “उत्तर काढ.”

पुढे कितीतरी दिवस त्या घरात माझ्यापेक्षाही कमी शब्द बोलले गेले. चाचा खाटेवर, चाची स्वयंपाकघरात. गोष्ट लावायची चाचांना हिंमत होत नव्हती. एका सकाळी आवडी चिकू घेऊन भेटायला आली आणि दीपगृहावरच्या त्या माणसाचं पुढे काय झालं, असं तिने विचारलं. चाचा म्हणाले, मलाही ठाऊक नाही, मी ऐकलंच नाही. तेव्हा चाची हात पुसत बाहेर आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. “लावा मग,” त्या म्हणाल्या. “मला पन कळू दे, कशापायी मरत व्हता.”

त्या दिवशी मी तिघांसाठी मोठ्याने बोललो. माझा आवाज आता फाटतो, तरी कुणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, आम्हाला कामं सांगा. दिवा लावायला सांगा, गोळीची आठवण करायला सांगा, चांगली पुस्तकं शोधायला सांगा. ते आम्ही आनंदाने करू. पण तुमच्या काळजीने जी व्यक्ती विचारते, बरा आहेस का, तिला उत्तर तुम्हीच द्या. उशिरा द्या, चुकांनी भरलेलं द्या, नाही बरा असंही द्या. आमच्यावर सोपवाल तर आम्ही ‘बरा आहे’ म्हणू. तुम्ही बरे असा, नसा. आम्ही तेच म्हणत राहू, आणि पलीकडच्या माणसाला ते खरं वाटेल.